छोट्या गावातल्या सरकारी शाळेत सहावी ते आठवीचा पट घटतोय, निकालही पडलाय, म्हणजे शाळा बिघडली का?

एवढ्यावरून लगेच तसं म्हणू नका. वर्गात 20च मुलं असतील तर एक मूल म्हणजे सरळ 5 टक्के, त्यामुळे दोघं नापास झाले की 10 टक्क्यांची घसरण दिसते आणि पालक घाबरून मुलांची नावं काढायला लागतात, हे बघून खरंच वाईट वाटतं. निदान 3-4 वर्षांचे आकडे एकत्र बघा, आणि सहावीतली तीच मुलं आठवीपर्यंत किती पुढे गेली ते बघा, शिकवणं कसंय ते तिथेच कळतं. पट तर पुष्कळदा जन्म कमी झाल्याने नाहीतर कुटुंबं कामासाठी बाहेर गेल्याने घटतो, त्यात शिक्षकांचा काय दोष? हां, पण पटामुळे गणित-विज्ञानाच्या शिक्षकाची पोस्ट जात नाहीये ना, हे मात्र शाळेत जाऊन विचारा.