पोलिसांची बिनतारी यंत्रणा आणि सरकारी अनुदान : वाचकांचे प्रश्न

पोलीस दळणवळणाविषयी येणाऱ्या पत्रांमध्ये एक समज कायम असतो, तो म्हणजे अनुदान मंजूर झाले की संपर्क सुधारतो. म्हणून काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : गावातील पोलीस चौकीला वायरलेस संच मिळावेत म्हणून ग्रामपंचायत केंद्राकडे थेट अर्ज करू शकते का?

नाही, ग्रामसभेचा ठराव जोडून मागणी पोलीस ठाण्यामार्फत जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे द्यावी.

प्रश्न : एक सल्लागार म्हणतो की केंद्र पूर्ण रक्कम देते आणि टक्केवारी दिल्यास तो प्रस्ताव मंजूर करून आणेल. हे खरे आहे का?

दोन्ही विधाने खोटी आहेत. महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के खर्च उचलते. 90 टक्क्यांची सवलत ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांना आहे. राज्याचा कृती आराखडा मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, त्यामुळे या वाटेवर दलालाला जागाच नाही. 2021-22 ते 2025-26 या कालावधीसाठी राज्यांच्या पोलीस आधुनिकीकरणाला मंजूर झालेले 4,846 कोटी रुपये साऱ्या देशासाठी होते आणि त्यात शस्त्रे व न्यायवैद्यक साहित्यही येत होते. सध्याचे निकष अधीक्षक कार्यालयातून लेखी मागून घ्यावेत.

प्रश्न : नवे डिजिटल संच आले, तरी घाटातील चौकीचा नियंत्रण कक्षाशी संपर्क होत नाही. संच सदोष असतील का?

बहुधा नाहीत. व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारितेच्या) रेडिओ लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि मध्ये सह्याद्रीची सोंड आली की पलीकडे सावली पडते. ती सावली उंचावर बसवलेला रिपीटर भरून काढतो, कारण तो एका वारंवारितेवर ऐकलेले दुसरीवर पुन्हा प्रक्षेपित करतो. मात्र रिपीटर म्हणजे मनोरा, बॅटऱ्या, अर्थिंग, वीज कोसळण्यापासून संरक्षण आणि पावसाळ्यात डोंगर चढणारा तंत्रज्ञ. खरेदीच्या यादीत नेमके हेच सारे गाळले जाते, कारण उद्घाटनाच्या छायाचित्रात फक्त हातातला संच दिसतो. जुन्या ॲनालॉग संचावर दूरचा आवाज खरखरत का होईना कळत असे, डिजिटल संचावर मात्र तो मर्यादेपलीकडे एकदम तुटतो. म्हणून क्षेत्र-सर्वेक्षण न करता केलेला बदल अधिकच महागात पडतो. विक्रेत्याने आयुक्तालयाच्या आवारात दाखवलेले प्रात्यक्षिक मी पुरावा मानत नाही. निविदेपूर्वी भर पावसात त्याच रस्त्याने गाडी फिरवून, कोणत्या वळणावर शब्द तुटतो हे नकाशावर नोंदवावे, पाच वर्षांची देखभाल किमतीत धरावी आणि दुसऱ्या कंपनीचा संच आपल्या जाळ्यात बोलेल की नाही, हे लेखी घ्यावे. विक्रेत्याचे ‘खास’ एन्क्रिप्शन, म्हणजे संभाषण सांकेतिक करण्याची त्याची स्वतःची पद्धत, हा पुष्कळदा पुढची खरेदी त्याच्याच दारात बांधून ठेवण्याचा डाव असतो. तांत्रिक अंदाज राज्य पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाकडून तपासून घेतल्याशिवाय मागणीवर सही करू नये.

प्रश्न : पोलिसांना बंदोबस्तात मदत म्हणून आमच्या मंडळाने ऑनलाइन वॉकीटॉकी घेतले तर चालते ना? सगळेच घेतात.

‘सगळेच घेतात’ हा परवाना नव्हे. विनापरवाना मुभा 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ पट्ट्यातील, कमी शक्तीच्या आणि मान्यताप्राप्त संचांपुरती आहे. बेकायदा संचांच्या विक्रीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2025 मध्ये ऑनलाइन बाजारपेठांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, ती काही हौसेखातर नाही. खरेदीपूर्वी मान्यता क्रमांक पाहावा आणि स्थानिक ठाण्याला विचारावे.

प्रश्न : निधी मार्चमध्ये आला आणि खर्च राहिला. आता काय करावे?

घाईने संच उचलून कपाटात ठेवू नयेत. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावे लागते आणि ते थकले की पुढचा हप्ता अडतो. तेव्हा शिल्लक रकमेबाबत मुदतवाढ की समर्पण (रक्कम परत करणे), हे लेखाधिकाऱ्यांशी याच आठवड्यात बोलून ठरवावे.