पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, मग सर्वात जुना खडक ४०३ कोटींचाच कसा?

पृथ्वीचं वय तिच्या खडकांवरून काढलेलंच नाही. १९५६ साली भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीसोबतच घडलेल्या अशनींमधल्या (आकाशातून पडलेल्या दगडांमधल्या) शिशावरून ४५५ कोटी काढलं, आजचा आकडा त्याच्या आसपासच आहे. ४०३ कोटी हे कॅनडातल्या अकास्ता नाईसचं (नाईस म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेला खडक). त्याआधीचं बहुतेक कवच फुटलं, वितळलं, कवचाखालच्या प्रावरणात परत गेलं.

पण 'खडकाचं वय' म्हटलं की मला माझा एम.एस्सी.चा प्रकल्प आठवतो. नाईसचा एक तुकडा कुटला, चाळला, जड द्रवातून झिरकॉन या खनिजाचे बारीक दाणे वेगळे केले, सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक दाणा उचलला. तीन आठवडे गेले. प्रतिमांमध्ये जवळपास प्रत्येक दाण्यात पट्ट्यापट्ट्यांचा गाभा आणि भोवती करडी कड. मोजणी आली: गाभा ३३० कोटी, कड २५० कोटी. मार्गदर्शक सर म्हणाले, "सरासरी काढ, एकच वय दे. परीक्षक गोंधळतात."

सरासरी २९० कोटी. तेव्हा त्या खडकाच्या बाबतीत काहीही घडलं नव्हतं! ३३० कोटी वर्षांपूर्वी मॅग्मा (वितळलेला शिलारस) थिजला. २५० कोटी वर्षांपूर्वी तोच खडक खोल गाडला जाऊन तापला, दाबला गेला, नाईस झाला (हेच रूपांतर) आणि जुन्या दाण्यांवर नवी कड चढली. झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. पुढे युरेनियमचं ठरावीक वेगाने शिसं होत जातं, म्हणून आत साठलेलं शिसं काळ सांगतं. हे सगळं मी सरांना सांगितलं. प्रबंधात २९०च छापलं गेलं. ते चूक आहे.

म्हणून कुणी 'सर्वात जुना खडक ४४० कोटींचा' म्हणालं तर तिथेच अडवा. ते वय पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या झिरकॉन दाण्याचं. तो वाहून येऊन ज्या खडकात बसला, तो सुमारे ३०० कोटींचा. दाण्याचा मूळ खडक केव्हाच झिजून गेला. अकास्ताचं ४०३ हेही मॅग्मा थिजल्याचं वय, रूपांतराचं नव्हे.

एक सांगायचं राहिलं. कॅनडातल्याच क्यूबेकमधल्या नुवुआगिटुक या खडकांच्या पट्ट्याला २००८ मध्ये ४२८ कोटी म्हटलं गेलं, २०२५ च्या मोजणीत ४१६ आलं. ते सर्वमान्य झालं तर तुमचा ४०३ मागे पडेल. आणि प्रत्येक कमी आकडा रूपांतराचाच असतो असंही नाही. किरणोत्साराने स्फटिकाची जाळी मोडली की शिसं कमी तापमानातही निसटतं. माझ्या दाण्यांत तसं झालेलं नव्हतं, कडेचे सगळे बिंदू कॉनकॉर्डिया वक्रावर (युरेनियमची दोन्ही घड्याळं एकच वय दाखवतात ती रेषा) बसले होते. तो आलेख मी जपून ठेवला आहे.