संस्थापक ‘विकू नका’ म्हणत असताना स्वतःच विकत आहेत, हे कसे ओळखावे?

आपण विचारले आहे की, आपल्याकडील टोकनचा (ब्लॉकचेनवरील क्रिप्टो नाण्याचा) भाव महिनाभर चढतो आहे, टेलिग्रामवर संस्थापक रोज ‘धरून ठेवा’ असे बजावत आहेत आणि तरीही मनात पाल चुकचुकते. मग आतली मंडळी माल काढत आहेत का, हे बाहेरच्या माणसाला कळते का? बऱ्याच अंशी कळते, मात्र त्यासाठी भावाचा आलेख बाजूला ठेवून वॉलेट, म्हणजे टोकन ठेवण्याची डिजिटल खाती, पाहावी लागतात.

शेअर बाजारात प्रवर्तकांचा हिस्सा दर तिमाहीला जाहीर होतो. क्रिप्टोत तसे बंधन नसले तरी ब्लॉकचेनवरील व्यवहारांची नोंदवही सर्वांसाठी खुली असते. ही नोंदवही दाखवणाऱ्या इथरस्कॅन किंवा सोलस्कॅन या संकेतस्थळांवर टोकनचा पत्ता टाकून धारकांची यादी उघडावी आणि त्यातून एक्स्चेंजचे (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजारपेठांचे) व लिक्विडिटी पूलचे (ज्या सामाईक साठ्यातून टोकनची अदलाबदल होते त्याचे) पत्ते वगळावेत. उरलेल्या मोठ्या वॉलेटना सुरुवातीचे पैसे एकाच ठिकाणाहून आले असतील, तर ती दहा माणसे नसून बहुधा एकच टोळी असते.

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्जेंटिनाचे अध्यक्ष हाविएर मिले यांनी ‘लिब्रा’ या टोकनची भलामण केली, तेव्हा हे सारे उघड्यावर घडले. टोकनचे एकूण मूल्य थोड्याच वेळात चार अब्ज डॉलरपलीकडे गेले आणि काही तासांत भाव नव्वद टक्क्यांहून अधिक कोसळला. ब्लॉकचेनवरील वॉलेटचे संबंध तपासणाऱ्या बबलमॅप्स या कंपनीच्या विश्लेषणानुसार ८२ टक्के टोकन एकाच गटाकडे होते आणि ते पहिल्या क्षणापासून विकता येण्याजोगे होते. निर्मात्यांशी जोडलेल्या आठ वॉलेटनी सुमारे १० कोटी ७० लाख डॉलर बाहेर काढल्याचेही विश्लेषकांनी दाखवून दिले. मला यातील पद्धत अधिक बोधप्रद वाटते. आतल्या मंडळींनी पूलमध्ये आपले टोकन ठेवले, खरेदीदारांनी त्याच पूलमध्ये डॉलरशी निगडित नाणी ओतली आणि मग ती नाणीच उचलली गेली. अशी उचल आलेखावर विक्री म्हणून दिसत नाही. म्हणून पूलमधील रक्कम कुलूपबंद आहे का आणि ते कुलूप कधी उघडते, हे मी सर्वांत आधी पाहतो.

दुसरी खूण म्हणजे संस्थापकांच्या वॉलेटमधून एक्स्चेंजकडे थोड्याथोड्या अंतराने जाणारे टोकन, विशेषतः अनलॉकच्या, म्हणजे संस्थापकांचे अडकवून ठेवलेले टोकन विक्रीसाठी मोकळे होण्याच्या, तारखेच्या आगेमागे. एकदा माल एक्स्चेंजच्या आत गेला की पुढची विक्री आपल्याला दिसत नाही, त्यामुळे हा प्रवाहच काय तो पुरावा. तथापि, एकट्या हस्तांतरणावरून निष्कर्ष काढू नये. एक्स्चेंज स्वतःची वॉलेट बदलते, बाजारात खरेदी-विक्री चालू ठेवणाऱ्या संस्थेलाही टोकन दिले जातात. मी स्वतः एकदा अशाच बदलाला घाबरून स्वस्तात विकले होते. एकच वॉलेट वारंवार पाठवते आहे आणि त्याच आठवड्यात घोषणांचा पाऊस पडतो आहे, असे दिसले तर मात्र मी न थांबता विकतो.

बोलणे आणि करणे यांतील अंतर किती असू शकते, हे क्रिप्टो ठेवींवर व्याज देणाऱ्या सेल्सियस कंपनीचे संस्थापक अॅलेक्स मशिन्स्की यांच्या खटल्यात नोंदले गेले आहे. ग्राहकांना दिलासा देत असतानाच ते स्वतःकडील कंपनीचे ‘सेल’ टोकन विकत होते. मे २०२५ मध्ये त्यांना १२ वर्षांची शिक्षा झाली. त्याआधीच, जुलै २०२२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली होती.

आपल्या टोकनबाबत आजच एक करता येईल: थोडासा हिस्सा विकून पाहावा. २०२१ मधील ‘स्क्विड’ टोकनचा भाव चढत होता, पण बहुतेक धारकांना विकताच येत नव्हते. विक्री अडली, तर वॉलेट तपासत बसण्याची गरजच उरत नाही. विक्री झाली, तर त्या व्यवहारातील नफ्यावर आपल्याकडे ३० टक्के कर लागतो आणि एका टोकनमधील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, हे हिशेबात धरावे.