बहिरा नावाच्या ख्रिस्ती साधूने मुहम्मद पैगंबरांना धर्म शिकवला, हे खरं आहे का?

नावापासून सुरुवात करतो, कारण मी स्वतः तिथेच फसलो होतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याला ऐकू येत नसणार! सुरियानी भाषेत (सीरियाकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) 'बहिरा' म्हणजे पारखून निवडलेला. संन्याशांना मानाने असं म्हणत. म्हणजे हे त्याचं नाव नसून नुसती पदवीही असू शकेल.

आता मूळ गोष्ट. इब्न इसहाक (मृत्यू इ.स. ७६७च्या सुमारास) यांच्या पैगंबरचरित्रात ती येते. काका अबू तालिब व्यापारासाठी शामकडे, म्हणजे सीरियाकडे निघाले आणि पोरक्या पुतण्यालाही त्यांनी बरोबर घेतलं. वय नऊ की बारा, यावर एकमत नाही. वाटेत बुसरा गावाजवळ एका खोपीत बहिरा राहायचा. कुरैशांचे, म्हणजे पैगंबरांच्या जमातीचे तांडे तिथून नेहमी जात, पण हा बाबा कधी कुणाशी बोलला नव्हता. या खेपेला मात्र त्याला दिसलं की तांड्यातल्या एकावर ढग सावली धरून चाललाय. त्याने चक्क जेवणाचं आमंत्रण धाडलं: लहानमोठे, गुलाम, मालक, सगळ्यांनी यायचं.

सगळे गेले. पोराला मात्र सामानाजवळ बसवून! बहिराने एकेकाचा चेहरा न्याहाळला, हवा तो दिसेना, तेव्हा विचारलं, कुणी मागे राहिलंय का? मग मुलाला आणलं. त्याच्याशी बोलून झाल्यावर साधूने खांद्यांच्या मधली, पैगंबरपणाची मानली जाणारी खूण पाहिली आणि अबू तालिबना विचारलं, हा तुमचा कोण? ते म्हणाले, मुलगा. साधू म्हणाला, शक्य नाही, याचा बाप जिवंत असूच शकत नाही. तेव्हा कुठे काकांनी पुतण्या असल्याचं कबूल केलं. याला जपा आणि घरी न्या, एवढं सांगून साधूचं काम संपतं.

यात शिकवणी कुठे आहे? एक जेवण आणि चार प्रश्न, तेही साधूने मुलाला विचारलेले. कथेचा रोख ओळख पटण्यावर आहे. असित ऋषींनी बाळ सिद्धार्थाला पाहून भविष्य सांगितलं, त्याच जातीची ही गोष्ट. आपल्या ग्रंथात ज्याची वाट पाहत होतो तो हाच, असं परधर्माच्या माणसानेच म्हणावं, हे मुसलमानांच्या दृष्टीने मोलाचं होतं.

ख्रिस्ती लेखकांनी नेमकी हीच गोष्ट उलटी फिरवली. दमास्कसचा योहान आठव्या शतकातच लिहितो की मुहम्मद एका एरियन पंथाच्या, म्हणजे पाखंडी साधूशी बोलले होते. पुढे नवव्या शतकाच्या सुमारास सुरियानीत 'सर्जियस बहिरा'ची अख्खी कथा तयार झाली. त्यात हा साधू क्रुसांवरून भांडतो, हाकलला जातो आणि अरबांमध्ये येऊन गुरू होतो. तो ग्रंथ लिहून गाईच्या शिंगावर बांधून पाठवतो, असाही प्रसंग आहे. कुराणातल्या एका सूरेचं, म्हणजे अध्यायाचं नाव 'गाय' आहे, हे कळल्यावर कुणीतरी जुळवलेली ही खोडी. तुम्ही ऐकलेलं 'शिकवलं' हे या शाखेतून आलेलं आहे.

गंमत म्हणजे मुस्लीम विद्वानांनीही ही गोष्ट डोळे मिटून घेतली नाही. तिरमिझींच्या हदीससंग्रहातल्या (हदीस म्हणजे पैगंबरांविषयीची परंपरेने आलेली हकीकत) पाठात शेवटी अबू बक्र, म्हणजे पुढचे पहिले खलिफा, मुलाबरोबर बिलालला, म्हणजे पुढे अजान देणाऱ्या सोबत्याला पाठवतात. चौदाव्या शतकातल्या जहबींनी यावर सरळ बोट ठेवलं: अबू बक्र तेव्हा स्वतःच पोरसवदा, आणि बिलालचा तर अजून जन्मही झाला नसेल! त्यांनी ही हदीस मान्य केली नाही.

'याला कुणीतरी माणूस शिकवतो' हा आरोप मात्र मक्केतलाच, पैगंबरांच्या हयातीतला. कुराणातच (१६:१०३) त्याला उत्तर आहे: ज्याच्याकडे बोट दाखवता त्याची भाषा परकी, आणि हे तर स्पष्ट अरबी. बहिराचं नाव तिथे नाही. माझ्या मते भेटीची गोष्ट श्रद्धेची आहे, शिकवणीची गोष्ट वादावादीची. इतिहास म्हणून मी दोन्ही धरणार नाही.

बुसरा आजही दक्षिण सीरियात आहे. आपल्या सह्याद्रीसारख्याच काळ्या बेसाल्टचं गाव, तिथे रोमन नाट्यगृह. १९८०पासून जागतिक वारसा यादीत. तिथल्या एका जुन्या बॅसिलिकेला (मोठ्या चर्चसारख्या इमारतीला) लोक बहिराचा मठ म्हणतात. गोष्टीतल्या बाबाकडे नुसती खोपी होती.