आई विसरते, की तिला ऐकूच येत नाही?

"आईला डिमेन्शिया झालाय का, एवढंच सांगा." साखर, बीपी, सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेली फाइल मुलाने माझ्यापुढे केली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सत्तरी ओलांडलेली आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते, फोन उचलत नाही, बँकेत जात नाही. घरच्यांनी पासबुक स्वतःकडे घेतलं होतं आणि गॅसपाशी जायला बंदी घातली होती.

प्रश्न मी काकूंना विचारत होते, उत्तरं मुलगा देत होता. (हे फार घरांत होतं.) त्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

अंघोळ, कपडे, संडास, जेवण सगळं काकू स्वतःचं स्वतः करत होत्या. अडत होतं ते फोन, पैसे, बाजार इथे. का अडतं, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

स्मरणशक्तीच्या प्राथमिक तपासणीत तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारतात. मी म्हटलं, "फूल, दार, तांदूळ." काकू म्हणाल्या, "पूल?" जवळ बसून सावकाश सांगितले, तर नंतर तिन्ही आठवले. मग हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत ते 14 सेकंदांत जमायला हवं. काकूंनी तिसऱ्याच वेळी हात टेकले. बँकेच्या पायऱ्यांना कठडा नाही, हे तेव्हा कळलं. भजनी मंडळ सुटलं होतं, कारण पेटी ऐकू येते, शब्द कळत नाहीत. रात्रीचं जेवणही सुटलं होतं. "सगळे उशिरा येतात. एकटीसाठी काय ताट वाढायचं?" ब्लाउज सैल झाले होते.

मुलाला आत बोलावून सांगितलं, डिमेन्शिया नाही असं मी म्हणत नाही. एवढ्यावरून ते ठरत नाही. पण आधी कानाची तपासणी, मांड्यांच्या ताकदीसाठी फिजिओथेरपी, वजन का घटलं ते डॉक्टरांकडून बघून घेणं, सोबत बी-12 आणि थायरॉइडची तपासणी. नीट ऐकू येऊ लागलं की स्मरणशक्तीची सविस्तर चाचणी. आणि पासबुक आजच परत द्या.

पासबुकाला तो तयार झाला. श्रवणयंत्राला काकूच तयार नव्हत्या, "म्हातारी दिसेन" म्हणून. त्यावर पुढची दोन सत्रं गेली.