मुलगा खेळण्यांशी खेळतच नाही, नुसती बटणं दाबतो

"मॅडम, याच्याकडे एवढी खेळणी आहेत पण हा खेळतच नाही हो. बटण दाबतो, गाणं वाजलं की टाकून देतो, दुसरं उचलतो, त्याचं बटण दाबतो, आणि सगळी झाली की मला येऊन चिकटतो. याला कल्पनाशक्तीच नाहीये का?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. म्हणून त्यातलीच एक केस जरा सविस्तर लिहितेय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, पण जे झालं ते असंच झालं.

मुलगा तीनला थोडा कमी. आईबाबा दोघंही नोकरी करणारे, घरी आजीआजोबा, आणि एकुलतं एक नातवंड, त्यामुळे खेळण्यांची कमी नाही. आईने रात्री जागून मोबाईलवर बरंच काही वाचलं होतं आणि ऑटिझम हा शब्द तिच्या डोक्यात पक्का बसला होता. तो शब्द तिने उच्चारला सुद्धा नाही, बाबांनी सांगितलं, आणि ती रडायला लागली.

त्यामुळे मी आधी तेच बघितलं. हाक मारल्यावर वळतो का, नजरेला नजर देतो का, काही दाखवायला बोट करतो का, मोठ्यांची नक्कल करतो का. हे सगळं तो करत होता. आल्या आल्या त्याने मला वरचा पंखा बोट करून दाखवला आणि मी बघितला की नाही हे माझ्याकडे वळून तपासलं. दोन-तीन शब्द जोडून बोलतही होता. मी आईला हे आधी स्पष्ट सांगितलं, कारण ती भीती मनात असताना बाकी काहीही कानात शिरत नाही.

मग म्हटलं, पुढच्या वेळी त्याची आवडती खेळणी घेऊन या. मोठी पिशवी भरून आली. बोलणारा फोन, पोट दाबलं की गाणं म्हणणारा कुत्रा, हॉर्नवालं स्टेअरिंग, अक्षरं आणि आकडे म्हणणारी पाटी, आपोआप पळणारी लायटिंगवाली ट्रेन. एकूण एक खेळण्यात सेल. मी म्हटलं, घरी खेळता तसंच खेळा, मी बाजूला बसते.

फोनचं बटण दाबलं, फोनच म्हणाला हॅलो, फोननेच एक-दोन-तीन म्हटलं, मग फोननेच बाय केलं. म्हणजे पोराने जे म्हणायचं ते सगळं फोन बोलून मोकळा! पोरगा ऐकत बसला आणि संपल्यावर त्याने परत दाबलं. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष त्याच्यापेक्षा आईबाबांकडे जास्त होतं. एरवी दोघं भरपूर बोलणारी माणसं, पण त्या सगळ्या वेळात त्यांच्या तोंडून काय आलं तर "दाब", "परत दाब", "बघ काय म्हणतंय", "फेकू नको". खेळणं बोलत असेल तर माणूस गप्प बसतो, ते आपोआप होतं, आणि ते काही याच दोघांचं नाही. २०१६ साली जामा पीडियाट्रिक्स या जर्नलमध्ये ॲना सोसा यांचा एक अभ्यास आला होता. १० ते १६ महिन्यांची २६ बाळं, त्यांचे आई किंवा बाबा, आणि घरच्या घरी केलेलं ऑडिओ रेकॉर्डिंग. आवाज करणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी समोर असताना मोठी माणसं मिनिटाला सरासरी ४० शब्द बोलत होती, ठोकळ्यांसारख्या साध्या खेळण्यांबरोबर ५६ च्या आसपास आणि पुस्तकं घेऊन बसली की ६७ च्या आसपास. आता ही बाळं आपल्या या मुलापेक्षा लहान होती आणि त्यात बोलणं मोजलं होतं, कल्पनाशक्ती नाही, हे मी आईबाबांना सुद्धा सांगितलं. पण नाटकी खेळाची सुरुवात बोलण्यातूनच होते ना! "अरे, बाळ पडलं वाटतं, लागलं का त्याला?" असं कुणीतरी पहिल्यांदा म्हणावं लागतं, मग मूल ते उचलतं आणि पुढे नेतं.

मग मी ड्रॉवरमधला छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि कुत्र्याचे सेल काढले. (इथे एक गोष्ट मध्येच सांगते, कारण महत्त्वाची आहे. काढलेले सेल लगेच मुलाच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. बटणासारखे चपटे सेल असतील तर जास्तच जपा. तसा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थांबून बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.)

पोराने कुत्र्याचं पोट दाबलं. काही नाही. परत दाबलं. बाबांकडे बघून म्हणाला "बंद", आणि कुत्रा दिला भिरकावून. मग रडारड, मग आईच्या मांडीत डोकं. आईचा हात लगेच पिशवीकडे गेला, दुसरं काहीतरी वाजणारं काढायला, मी मानेनेच नको म्हटलं. तो रिकामा वेळ आईबाबांना फार जड जातो हो, मला कळतं, समोर मूल रडत असताना नुसतं बसून राहणं सोपं नाही. थोड्या वेळाने बाबांनी कुत्रा उचलून सतरंजीवर आडवा ठेवला, उगाच, काही ठरवून नाही. पोरगा मांडीतून बघत होता. मग उतरला, जवळ गेला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "झोपला." आईने तोंड उघडलं तर तिलाच "शूऽऽ!" केलं. मग कुत्र्याला थोपटलं, आईच्या पर्समधला रुमाल ओढून काढला आणि त्याच्या अंगावर घातला, नीट, कोपरे ओढून. आई माझ्याकडे बघत राहिली.

मला इथे जे सांगायचंय ते एवढंच, की गाणारा कुत्रा झोपू शकत नाही. तो आजारी पडू शकत नाही, रुसू शकत नाही, हरवू शकत नाही, डॉक्टरकडे जाऊ शकत नाही, कारण पोट दाबलं की तो तेच आनंदी गाणं म्हणणार. त्याने काय करायचं ते कारखान्यात ठरलेलं असतं. मुलाला करायला उरतं काय, तर बटण. मूल कुत्र्याला झोपवतं तेव्हा मात्र त्याला डोक्यात दोन गोष्टी एकाच वेळी धराव्या लागतात, हे कापडाचं खेळणं आहे आणि हा झोपलेला कुत्रा आहे. लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञांनी १९३३ च्या एका व्याख्यानात काठीचा घोडा करणाऱ्या मुलाचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं, की अशा खेळात मूल समोरच्या वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करायला शिकतं. काठीला घोडा होता येतं कारण ती खिंकाळत नाही.

साधारणपणे वर्षाच्या आसपास मूल रिकाम्या कपातून प्यायचं नाटक करतं, दीडेक वर्षाला बाहुलीला भरवतं, दोनच्या पुढेमागे ठोकळ्याचा फोन होतो आणि तीनच्या आसपास "मी डॉक्टर, तू पेशंट" सुरू होतं. यात महिने मागेपुढे होतातच, तक्ता घेऊन मुलाला तपासत बसू नका.

घरी काय केलं? एकदम सगळं बंद नाही केलं. बरीचशी खेळणी कपाटात आणि मोजकी बाहेर, काही दिवसांनी अदलाबदल. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या २०१८ च्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की समोर १६ ऐवजी ४ खेळणी असली तर दीड ते अडीच वर्षांची मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळतात. ट्रेनचे सेल काढले, ती हाताने ढकलायची. त्याला फार आवडणारी पाटी ठेवली, पण स्पीकरवर जाड चिकटपट्टी लावून आवाज कमी केला. लहान मुलं खेळणं कानाला लावतात, आणि कानाजवळ तोच आवाज कितीतरी जास्त होतो, त्यामुळे हे नुसतं खेळापुरतं नाही, कानासाठी सुद्धा करायला हवं. आणि मागे चालू राहणारा टीव्ही बंद, हे सगळ्यात अवघड गेलं. "तो बघत नाही हो टीव्ही," असं आजी म्हणत. पण २००८ च्या एका अभ्यासात हेच आढळलं होतं, १ ते ३ वर्षांची ५० मुलं, मोठ्यांचा कार्यक्रम मागे चालू, मुलं त्याकडे फारशी बघतही नव्हती आणि तरी त्यांचा खेळ तुटक होत होता.

आईबाबांना मी एकच सवय लावायला सांगितली. त्याच्याजवळ जमिनीवर बसा आणि प्रश्न विचारू नका. हा रंग कुठला, हे किती, याला काय म्हणतात, यानं खेळाची परीक्षा होते. तो जे करतोय ते बोला किंवा त्यात सामील व्हा. त्याने खोका ढकलला तर "जागा आहे का, मी पण बसू?" एवढं पुरतं.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. चिडचिड, "बटण कुठंय", आजोबांचा चेहरा पडलेला कारण ट्रेन त्यांनी आणलेली. मग एक दिवस आजोबाच स्टेशनमास्तर झाले, तोंडाने शिट्टी, हाताने झेंडा, आणि तिथून गाडी खरी सुटली. पुढच्या भेटीत आई सांगत होती की आता ट्रेनला ताप येतो, ट्रेन उशीखाली लपते, आणि परवा तर "ट्रेनला आई पाहिजे" म्हणून तो बराच वेळ ट्रेनच्या आईला शोधत फिरला. अजूनही तो तिला चिकटतो, अजूनही फेकाफेक करतो, तीन वर्षांचं मूल आहे ते.

इलेक्ट्रॉनिक खेळणी विष आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या मुलांच्या हाताच्या हालचाली मर्यादित आहेत त्यांना एक मोठं बटण दाबून खेळणं चालवता येणं ही फार मोठी गोष्ट असते, थेरपीत ती मुद्दाम वापरतात. आणि दमलेल्या आईला दहा मिनिटं श्वास घ्यायला मिळत असेल तर त्याचा अपराधीपणा नको, खरंच नको. बघायचं फक्त एवढं की दिवसभरातला सगळा खेळ बटणाचाच होत नाहीये ना.

पण सेल काढून, शेजारी बसून, बरेच आठवडे देऊनही दोन-अडीच वर्षांचं मूल कसलंच नाटक करत नसेल, आणि जोडीला हाकेला वळत नसेल, बोट करून दाखवत नसेल, शब्द फारच कमी असतील किंवा आलेले शब्द गेले असतील तर खेळण्यांना दोष देत थांबू नका. आलेले शब्द जाणं तर कुठल्याही वयात थांबून बघायची गोष्ट नाही. बालरोगतज्ज्ञांना किंवा मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना दाखवा आणि ऐकण्याची तपासणीही करून घ्या, लवकर कळलं तर मदतही लवकर सुरू करता येते.