बाळाला काय द्यायचं नाही

अगं, वर्षाच्या आत मध अजिबात नको, गुटीत बोटभरसुद्धा नाही. त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. सासूबाईंना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकव, म्हणजे घरात वाद नको.

माझा खरा राग चहा-बिस्किटावर आहे. बशीतल्या चहात मऊ केलेलं बिस्कीट बाळ मिटक्या मारत खातं आणि मग वरणभात समोर आला की तोंड फिरवतं. शिवाय चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. दोन वर्षांपर्यंत वरून साखर नकोच. नाचणीच्या सत्त्वात खजूर कुस्करून घाल. पॅकबंद ज्यूसही बंद. अख्खे शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांपर्यंत हाताशी ठेवू नकोस, घशात अडकतात. बारीक कूट करून भाजीत खुशाल घाल.